कॅन्सरच्या पेशीत गुणसूत्रांची एवढी मोठी उलथापालथ कशी होते? ती हळूहळू होते की एका फटक्यात, आणि मुलांमध्ये उतरते का?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या चार शब्दांसाठी लिहायला बसले आहे. पण आधी पहिला भाग उरकते.

दोन्ही प्रकारे होते. डीएनए तुटणं पेशीला नवीन नाही, दुरुस्तीची प्रथिनं सतत कामावर असतात. त्यांची जी घाईची पद्धत आहे ती समोर येतील ती दोन टोकं जोडून मोकळी होते, टोक कोणत्या गुणसूत्राचं हे बघत नाही. दोन गुणसूत्रं एकाच वेळी, जवळजवळ तुटली की याचा तुकडा त्याला लागतो. हे ट्रान्सलोकेशन. दुसरा मार्ग टोकांचा. टोकांवरचे टेलोमिअर, म्हणजे टोकं जपणाऱ्या टोप्या, झिजले की दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, विभाजनात दोन्हीकडून ओढली जातात, मधेच तुटतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा तुटतात. तुटण्या-चिकटण्याचं हे चक्र बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात पाहिलं, तेही डीएनएची रचना कुणाला माहीत नव्हती त्या काळात.

एका फटक्यातला प्रकार म्हणजे क्रोमोथ्रिप्सिस. विभाजनात एखादं गुणसूत्र मागे राहतं, मुख्य केंद्रकाबाहेर त्याचं वेगळं छोटं केंद्रक बनतं. त्याचं आवरण कच्चं असतं, ते फाटतं आणि आतल्या गुणसूत्राच्या चिंध्या होतात. मग दुरुस्ती यंत्रणा हाताला लागतील त्या चिंध्या जोडून वाकळ शिवते. काही उलट्या लागतात, काही हरवतात. अशी मोडतोड एका फटक्यात होते हे 2011 साली इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं. आधी सगळे धरून चालले होते की असे बदल वर्षानुवर्षं एकेक करून साठतात. 2020 साली 2,600हून जास्त गाठींचे जीनोम तपासले, तेव्हा काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त गाठींत ही खूण सापडली. एवढी मोडतोड झालेली पेशी खरं तर मरायला हवी. पी53 हे प्रथिन तिला थांबवतं किंवा मारतं. तेच बिघडलेलं असलं की ती जगते.

आता मुलांमध्ये उतरतं का. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न याच प्रश्नावर मोडलं.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. घरी कापूस. दादा, म्हणजे आमचे वडील, त्या हंगामात दोन-चार वाफे चालले तरी बसायचे. पोटात डावीकडे जड वाटायचं, ती प्लीहा वाढलेली होती. पांढऱ्या पेशी लाखांवर गेल्या होत्या. बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट आला: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल, रक्ताचा एक कॅन्सर), 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचं ट्रान्सलोकेशन, फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह.

बहिणीची सुपारी फुटलेली होती, मुलगा शिरपूरकडचा. दादांना बघायला आलेल्या मंडळींपैकी मुलाच्या काकांनी फाइल मागितली आणि ती दिली गेली. काका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी 'क्रोमोसोम' या शब्दावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे तर घराण्यातच आहे. मुलाच्या आजीने लगेच री ओढली, "बापले शे, मंग पोरले बी व्हईच." आठ दिवसांत निरोप आला. आमचे मामा मध्यस्थ होते. ते तिथे एक शब्द बोलले नाहीत, आणि आजपर्यंत त्यांचं म्हणणं एकच आहे: फाइल दाखवायलाच नको होती.

मी पुण्यात सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासण्याच्या, लॅबमध्ये काम करते. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये मॅरो येतो, आम्ही पेशी वाढवतो, कोल्सेमिड घालून विभाजनाच्या मध्यावर अडकवतो, क्षाराच्या पातळ द्रावणात फुगवतो, स्लाइडवर थेंब टाकतो, गिम्साने रंगवतो. मग पट्ट्या बघत गुणसूत्रं जोडीने लावायची. सीएमएलच्या पेशंटमध्ये 22ची जोडी लावताना डोळा तिथेच थांबतो, एक नीट आणि एक आखूड. तो आखूड तुकडा फिलाडेल्फियातल्या नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी 1960 साली पाहिला, आणि तो 9शी झालेल्या अदलाबदलीतून येतो हे जॅनेट रॉली यांनी 1973 साली दाखवलं. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं जोडली जातात आणि पेशीला वाढायला सांगणारं एक एन्झाइम कायमचं चालू राहतं.

ही जोडणी मॅरोमधल्या एका पेशीत झालेली असते. तिच्या वंशातल्या पेशींत ती असते, त्याच माणसाच्या त्वचेत नसते, शुक्राणूंत नसते. दादांना झाली तेव्हा बहीण एमए करत होती! जे तिच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी बापाच्या हाडात घडलं ते तिच्यात कुठून येणार? विज्ञानाच्या मास्तराला एवढं कळू नये याचा मला आजही राग आहे. मामा, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. फाइल दाखवली ते बरोबरच केलं. लपवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, समजावून सांगणारं कुणी नव्हतं. लपवून लग्न केलं असतं तर पुढे दादांच्या प्रत्येक गोळीवर बहिणीला टोमणा बसला असता.

गोळीचंही सांगते. इमॅटिनिब त्या चालू राहिलेल्या एन्झाइमलाच गप्प करते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचं, म्हणजे याच औषधाच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या चालू राहिल्या, म्हणून कापूसवाल्याला परवडते. दादा रोज जेवणावर घेतात आणि शेतात जातात.

मात्र माझ्या म्हणण्याचा अर्थ 'कोणताच कॅन्सर घराण्यात नसतो' असा लावू नका. बीआरसीए1, बीआरसीए2 किंवा खुद्द पी53चं जनुक जन्मतः बिघडलेलं असू शकतं. तेव्हा उतरते ती दुरुस्तीतली किंवा पहाऱ्यातली उणीव, गाठीतली मोडतोड नव्हे. घरात दोघी-तिघींना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जरूर जा. शिवाय काही निरोगी माणसांच्या सगळ्याच पेशींत जन्मापासून ट्रान्सलोकेशन असतं. त्याने वारंवार गर्भपात होऊ शकतात, तो विषय वेगळा. तुमच्या हातात रिपोर्ट असेल तर आधी नमुना कशाचा घेतला ते बघा, मॅरोचा, गाठीचा की जन्मजात दोष शोधायला घेतलेल्या रक्ताचा. आणि दादांसारखाच आजार असेल, सोयरिकीच्या बैठकीत फाइल ठेवायची असेल तर 'हे आनुवंशिक नाही' असं डॉक्टरांकडून मराठीत, सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या आणि तो कागद सगळ्यात वर लावा.