‘लोगो जरा मोठा करा’

प्रिय,

तुझी मेल मिळाली. पाच जणांच्या जाहिरात स्टुडिओत रुजू व्हायचं की मोठ्या एजन्सीच्या उत्तराची वाट बघायची, असं विचारलंयस. पण जायचं ठरलेलं आहे, हे तुझ्या दुसऱ्याच ओळीत कळलं. मग त्यावर काथ्याकूट कशाला?

तिथे कामाच्या वाटण्या फक्त व्हिजिटिंग कार्डावर असतात. सोमवारी डिझाइन, मंगळवारी कॉपी (म्हणजे जाहिरातीचा मजकूर), बुधवारी शूटवर रिफ्लेक्टर धरून उभं राहायचं आणि महिनाअखेरीला थकलेल्या बिलासाठी फोनही तूच करायचा. याला मी तरी कंटाळले नाही. मला जड गेली ती वेगळीच गोष्ट. मोठ्या एजन्सीत क्लायंट आणि तुझ्यामध्ये क्लायंट सर्व्हिसिंगची माणसं असतात, ती त्याचं म्हणणं गाळून, नीट घडी घालून तुझ्यापर्यंत आणतात. इथे ते कच्चंच कानावर पडतं.

‘लोगो जरा मोठा करा’ हे त्यातलं सगळ्यात जुनं. सुरुवातीची काही वर्षं मी हे ऐकलं की मनातल्या मनात चरफडायचे आणि लोगो थोडासा ओढून पाठवून द्यायचे. एका लाकडी फर्निचरवाल्याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा वैतागून विचारलं, ‘मोठा केला की काय होईल?’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मागची जाहिरात सगळ्यांना आवडली हो. पण ती आमची होती हे कुणाच्या लक्षातच नाही.’

दुखणं हे होतं. आमच्या पोस्टरवर उन्हात ठेवलेली सुंदर खुर्ची होती, आणि खाली दुसऱ्या कुणाचंही नाव चाललं असतं. हा माणूस खिळा न वापरता, लाकडात लाकूड बसवून सांधे करायचा. आम्ही खुर्ची काढली आणि तो एक सांधा पोस्टरभर लावला. लोगो पहिल्यापेक्षा लहान झाला, पण त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. (कधीकधी लोगो खरंच लहान असतो. तेव्हा वाद न घालता मोठा करावा.)

म्हणून ब्रीफ घ्यायला, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते ऐकायला, जाशील तेव्हा एकट्याने जाऊ नकोस, कॉपी लिहिणाऱ्याला सोबत ने. पूर्वी जाहिरातींत लेखक मजकूर टाइप करून आर्ट विभागाकडे धाडायचा आणि तिथला माणूस त्यावर चित्र बसवायचा. १९४९मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या जाहिरात एजन्सीत तिचा एक संस्थापक बिल बर्नबाखने या दोघांना एकत्र बसवलं, आणि पुढे जगभरच्या एजन्सींनी ती जोडी उचलली. तुमच्याकडे टेबलच एक, तेव्हा जोडी आपोआप जमेल. मात्र दोघांनी एकच वाक्य आपापल्या कानांनी ऐकलेलं असावं. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगितलं की त्यातली ती गप्प बसण्याची जागा गळून जाते.

माझे कान नेहमी उघडे होते असं समजू नकोस. एका माहितीपत्रकाच्या ५,००० प्रती छापायच्या होत्या. तीन मिलिमीटर ब्लीड (कागद कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई), ३०० डीपीआयचे फोटो, सगळं चोख. छपाईवाल्याचा फोन आला, ‘मॅडम, बारीक मजकुराचा काळा एकदा बघता का?’ घाईत होते, ‘जाऊ द्या, छापा’ म्हटलं. तो काळा रंगीत छपाईच्या चारही शाईंचा मिळून झालेला होता. मोठ्या पट्ट्याला तसा काळा शोभतो, गडद दिसतो. पण बारीक अक्षरात चार शाईंच्या चार प्लेट केसभर इकडेतिकडे सरकल्या की कडांना रंगीत झालर येते. तशी ती आली, पत्त्यापासून अटींपर्यंत. तिथे फक्त काळी शाई हवी होती. पुन्हा छापायचा खर्च आम्ही सोसला, त्या महिन्यात पगार उशिरा झाले. त्यानेही काहीतरी सांगितलंच होतं, मी ऐकलं नाही. लहान जागेत तुझ्या मागून फाइल तपासणारं कुणी नसतं. छपाईवाला किंवा एडिटर ‘एकदा बघता का’ म्हणाला, तर हातातलं टाकून बघ.

पैशांचं थोडक्यात. बदलांच्या किती फेऱ्या, हे कामाआधी लेखी ठरव. नाहीतर ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘एकदम फायनल’ अशा फाइलींनी फोल्डर भरेल आणि दर नव्या फेरीला आपण फुकट राबतोय हे कळूनही बोलता येणार नाही. स्टुडिओचे मालक भिडस्त असतील, तर हे काम तूच अंगावर घे.

पहिलं पोस्टर झालं की मला पाठव. मेलमध्ये क्लायंट बैठकीत जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही, तुझा अर्थ न लावता. आधी मी ते वाचेन, पोस्टर मग उघडेन.

तुझी,
ताई