पोटगी आणि भेट : दोन वेगळे अर्ज

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पत्नी दोन वर्षांपासून आमच्या सहा वर्षांच्या मुलीसह पुण्यात माहेरी राहते आणि घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. मुलीसाठी दरमहा ८,००० रुपये पोटगीचा आदेश झाला तेव्हा मला ३४,००० रुपये पगार होता. ती नोकरी गेली. नव्या ठिकाणी २२,००० रुपये मिळतात. तीन महिन्यांची पोटगी थकली आहे. इकडे सात महिने मुलीचे तोंड पाहिलेले नाही. मित्र म्हणतात, भेट मिळेपर्यंत एक पैसाही देऊ नकोस. वकिलाची फी मला परवडत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : मित्रांचा हा सल्ला कृपया मानू नका. आपल्या मुलीची पोटगी हा तिचा हक्क आहे आणि आईने भेट नाकारली म्हणून तो थांबत नाही; तसेच पोटगी थकली म्हणून वडिलांनी मुलीला भेटण्याचा प्रश्नही आपोआप निकालात निघत नाही. न्यायालय हे दोन विषय वेगळे मानते, म्हणून आपल्यालाही दोन वेगळे अर्ज करावे लागतील.

आधी थकबाकीचे पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती) पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. उत्पन्न घटल्यास रक्कम बदलून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे, मात्र असा अर्ज केल्याने आधीची थकबाकी पुसली जात नाही, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट न पाहता तो याच आठवड्यात दाखल करावा. सोबत जुन्या नोकरीतून कमी केल्याचे पत्र, दोन्ही ठिकाणच्या पगारपावत्या, बँकेचा तपशील आणि घरभाड्याचा करार जोडावा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पती-पत्नी दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे शपथपत्र देणे आवश्यक ठरवले आहे. त्यात ओव्हरटाइमची रक्कमही लपवू नये. लपवलेली एखादी नोंद समोरच्या पक्षाने बँकेच्या तपशिलातून दाखवून दिली, की उरलेल्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. पत्नी कमावती असल्यास मुलीच्या खर्चात तिचाही वाटा विचारात घेण्याची विनंती आपण करू शकता, कारण अपत्याचे पालनपोषण ही आई आणि वडील दोघांचीही कायदेशीर जबाबदारी आहे.

अर्जाचा निर्णय होईपर्यंत जमेल तेवढी रक्कम, अगदी ३,००० रुपये का होईना, दर महिन्याला बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात महिन्याचे नाव लिहा. एका वडिलांनी दोन वर्षे मेहुण्याच्या हातात रोख पैसे दिले होते. वसुलीच्या अर्जाच्या दिवशी त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत मुलाच्या बुटांची आणि दप्तराची बिले होती, पण पोटगी दिल्याची एकही पावती नव्हती. त्या माणसाने पैसे दिले होते याबद्दल मला आजही शंका नाही, परंतु न्यायालयापुढे ते सिद्ध करता आले नाही. शाळेची फी परस्पर भरणार असाल, तर ती पोटगीत वळती होईल असे आधी लेखी ठरवून न्यायालयाच्या नोंदीवर आणा.

आता भेटीचे. घटस्फोटाचा दावा प्रलंबित असल्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात भेटीचा अर्ज करता येतो. (आपला विवाह या कायद्याखालचा आहे असे गृहीत धरून मी हे लिहीत आहे.) नुसती 'मुलीला भेटू द्यावे' अशी मोघम मागणी करू नका, कोणता वार, किती वाजता, कुठे, मुलीला कोण आणणार आणि कोण परत नेणार, दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, हे सर्व लिहा. आठवड्यातून ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलही मागा. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचे महत्त्व आवर्जून सांगितले आहे. सात महिन्यांच्या खंडानंतर मुलगी पहिल्या भेटीत आईला बिलगून बसली, तर ते आईने शिकवले असे लगेच समजू नये. अशा वेळी न्यायालयातील विवाह समुपदेशकांची मोठी मदत होते. त्यांच्यापुढे पत्नीच्या तक्रारी सांगण्यात वेळ घालवण्याऐवजी मुलीची शाळा, तिची झोपेची वेळ, तिला कशाची भीती वाटते, हे विचारा. ज्याला लेकीचा दिवस माहीत आहे, त्याचा अर्ज वजनदार होतो.

वकिलाबाबत : महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या पुरुषालाही मोफत विधी साहाय्य मिळते, आणि आपले सध्याचे उत्पन्न वर्षाला २ लाख ६४ हजार होते. उत्पन्नाचा पुरावा व न्यायालयाचे कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : पत्नीचे गेल्या वर्षी निधन झाले. दोन मुले माझ्याकडेच आहेत. बालसंगोपनाची मदत फक्त विधवांच्या मुलांना मिळते, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना मुलांसाठी आहे, आणि आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक गमावलेल्या मुलाचा तीत विचार होतो. मदत प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यावा; मंजुरीचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. पत्नीच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले व आधार, शाळेचे बोनाफाइड, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा. दोन मुलांचे दोन स्वतंत्र अर्ज भरा. अर्ज करून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका, आणि अर्ज दिल्यावर पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.