पोरगं ‘असिस्टंट कोच’ व्हायचं म्हणतंय

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मुलगा इथंच वाढला, चांगल्या मार्कांनी पदवीधर झाला आणि आता म्हणतो, मला कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोचिंग करायचंय. स्वतः खेळून नाव काढण्याइतका खेळ आपल्याकडे नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. सुरुवात असिस्टंटपासून, तीही धड पगार नसताना. आईवडील विचारतात, हे करिअर म्हणायचं की लांबलेलं कॉलेज?

न्यू जर्सीतलं एक जोडपं असंच मे महिन्यात माझ्याकडे सल्ला मागायला आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाबा मूळचे पुण्याचे, आयटीत. आई फार्मसिस्ट. मुलगा चोवीस वर्षांचा, संख्याशास्त्र शिकलेला, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या टीममध्ये ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’. म्हणजे मास्टर्सची फी माफ, वर थोडं विद्यावेतन आणि बदल्यात पडेल ते काम. ती दोन वर्षं संपत आली होती. हातात तीन पर्याय होते: एका लहानशा डिव्हिजन वन (म्हणजे कॉलेज खेळांतला सगळ्यात वरचा गट) कॉलेजात सहायक कोच, त्याखालच्या डिव्हिजन टूमधल्या एका कॉलेजात सहायक कोच आणि बाबांच्या मित्राच्या ओळखीनं विमा कंपनीत ॲनालिस्ट. तिसऱ्याचा पगार पहिल्या दोन्हींच्या दुपटीहून जास्त.

बाबा एक्सेल शीट घेऊनच आले होते. आईनं त्या शीटकडे बघितलंही नाही. “ताई, कॉलेजची चार वर्षं यानं टॉवेल धुतले. स्टुडंट मॅनेजर म्हणे! आता दोन वर्षं व्हिडिओ कापतोय. कुणी विचारलं मुलगा काय करतो, तर मी काय सांगू?”

खरं सांगायचं तर या धंद्यात टॉवेल हीच पायरी आहे. जो नावाजलेला खेळाडू नव्हता, तो मॅनेजर म्हणून, म्हणजे टीमची वरकामं करणारा विद्यार्थी म्हणून, आत शिरतो, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग व्हिडिओचं किंवा टीमच्या व्यवस्थेचं काम आणि नशिबानं साथ दिली तर सहायक कोच. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे टॉम इझ्झो १९८३ मध्ये तिथं पार्ट-टाइम सहायक म्हणून लागले, १९९५ मध्ये हेड कोच झाले आणि २००० मध्ये त्यांच्या टीमनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मुलगा मला हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देत होता. मी त्याला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बिल गथ्रिज यांची आठवण करून दिली. १९६७ ते १९९७ अशी तीस वर्षं ते तिथले हेड कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली सहायक होते. हेड कोच झाले ते साठीला, तीनच वर्षं राहिले आणि त्यांपैकी दोनदा टीम फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेली. तीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणं तुला चालेल का, हा माझा प्रश्न. त्यावर त्यानं लगेच हो म्हटलं नाही, हे मला बरं वाटलं. आणि ही दोन्ही नावं आपल्याला माहीत आहेत ती ते वर पोहोचले म्हणून. बाकीचे शेकडो सहायक चाळिशीच्या आत दुसरीकडे वळतात आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

“ही सरळ पिळवणूक आहे,” बाबा म्हणाले. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. १९९१ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं, कोचांच्या एका वर्गाची कमाई वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकली होती. कोच कोर्टात गेले, १९९८ मध्ये अपील कोर्टानं नियम बेकायदा ठरवला आणि पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आज मोठ्या विद्यापीठांत सहायकाला सहा आकडी पगार मिळतो. पण तळाशी अजूनही हौसेवर काम करून घेतात.

पुढच्या वेळी मुलाला लॅपटॉप घेऊन बोलावलं. आईबाबांना एकच अट घातली: आज पगार आणि लग्न हे दोन विषय काढायचे नाहीत.

त्यानं फेब्रुवारीतल्या एका मॅचचा ‘स्काउट’, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास, उघडला. समोरची प्रत्येक टीम एकेका सहायकाच्या वाट्याला येते. तिच्या मागच्या मॅचेस बघायच्या, तुकडे पाडायचे आणि खेळाडूंच्या डोक्यात राहील इतकंच कागदावर उतरवायचं. हा स्काउट नावानं दुसऱ्या कोचचा होता, क्लिपा मात्र सगळ्या यानं काढलेल्या. समोरच्या पॉइंट गार्डबद्दल (चेंडू घेऊन खेळ रचणारा खेळाडू) एवढंच लिहिलं होतं: उजवीकडे सोडला तर रिंगपर्यंत जातो, डावीकडे गेला की थांबून शॉट मारतो. डावीकडे ढकला.

बाबा एकेकाळी डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉल खेळलेले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“याला स्क्रीन कोण देतंय?” म्हणजे याच्या वाटेतला बचाव अडवायला आडवं कोण उभं राहतंय.

“तो उंच. पण बघा बाबा, पुरता देतच नाही. मधेच सुटतो आणि बास्केटकडे पळतो.”

“मग तुमच्या सेंटरनं, तुमच्या उंच खेळाडूनं, वर यायचंच नाही. बास्केटपाशी मागं थांबायचं.”

“तेच लिहिलंय. खालची ओळ.”

पुढची दहा-पंधरा मिनिटं माझी कुणालाच गरज नव्हती. आई एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “हे सगळं तू रात्री बसून करतोस?”

इथं थांबले असते तर सगळे खूश होऊन घरी गेले असते. मी मुलाला विचारलं, “तुझ्या हेड कोचला मार्चमध्ये काढलं तर?”

“मग सगळेच जातात.”

हे त्यानं घरी कधी सांगितलंच नव्हतं. सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो, मार्चमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फायनल. त्याच दिवसांत हेड कोचांच्या हकालपट्ट्या होतात. नवा येतो तो बहुधा आपली माणसं घेऊन. तुमचं काम कितीही चोख असो, नोकरी दुसऱ्याच्या हार-जितीला बांधलेली. बाबा म्हणाले, “लेऑफ आम्हीही सोसलेत. पण मॅनेजर गेला म्हणून अख्खी टीम घरी, असं नाही झालं.” माझ्या मते घरात बोलायला हवं ते याच्याबद्दल. कमी पगार चार वर्षांत वाढू शकतो, ही टांगती तलवार मात्र कायमची. ती माहीत असून निर्णय घेणं वेगळं आणि लपवून घेणं वेगळं.

मग दोन्ही कॉलेजांना विचारायच्या गोष्टी आम्ही मिळून काढल्या. हेड कोचच्या कराराची किती वर्षं उरलीत? पगार बारा महिन्यांचा की दहा? आरोग्य विमा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळाडू शोधायला कॅम्पसबाहेर जायची मुभा आहे का? डिव्हिजन वनमध्ये २०२३ पासून पाच सहायक ठेवता येतात, पण बाहेर रिक्रूटिंगला तिघांनीच जायचं. उरलेले दोघं सराव घेतात, स्काउट करतात, पण शाळांचे कोच आणि खेळाडूंचे पालक यांच्याशी त्यांची ओळखच वाढत नाही. सहायकाला वरची नोकरी मिळते ती बरेचदा या ओळखींवर. डिव्हिजन वनची ती जागा पाचव्याची निघाली. बाबांना डिव्हिजन वन हे नाव मोठं वाटत होतं, स्वाभाविक आहे. डिव्हिजन टूच्या कॉलेजात मात्र दोनच पूर्णवेळ कोच होते, त्यामुळे रिक्रूटिंगपासून बसची सोय बघण्यापर्यंत सगळं अंगावर येणार होतं. विमाही होता. त्यानं ती जागा घेतली.

पैशाचं असं ठरलं. इथल्या कायद्यानं मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या आरोग्य विम्यावर राहू शकतं. म्हणून तोवर कोच बदलून नोकरी गेलीच, तर विमा आणि राहायला खोली घरची, बाकी खर्च त्याचा. सव्वीसनंतर बास्केटबॉलमध्ये असो वा बाहेर, स्वतःचा विमा देणारी नोकरी हवी. आईनं गुपचूप त्याचं क्रेडिट कार्डाचं बिल भरणं बंद. (हे ती भरत होती, हे बाबांना त्या दिवशी कळलं. तो अर्धा तास मी इथं लिहीत नाही.)

दिवाळीचा प्रश्न सुटायला जास्त वेळ लागला. दिवाळी सीझन सुरू होताना येते आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तर स्पर्धाच असतात. आईला हे नोकरीपेक्षाही जास्त लागलं होतं. शेवटी ठरलं की फराळ डब्यातून जाईल, आणि आईबाबा जानेवारीत एक घरची मॅच बघायला जातील, त्याच्या खोलीवर न उतरता हॉटेलात. हॉटेलाचा आग्रह मुलाचा. खोली बघितली असती तर आईनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

जानेवारीत ते जाऊन आले. टीम अकरा गुणांनी हरली. बाबांचा मला मेसेज आला, की सेंटर फार वर येतोय, मुलाला सांगितलंय. आईनं एप्रिलची वेळ मागून घेतली आहे. विषय लग्नाचा.