फ्रीजवरचा तक्ता आधी काढा

नागपूरच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, बर्डीला नीटचा क्लास, दहावीला 92 टक्के. आता टेस्टमध्ये घसरतेय. घरी तक्ता लावलाय: 720 पैकी 550 च्या वर गेली तर 500 रुपये, खाली आली तर आठवडाभर फोन बंद. प्रश्न एवढाच, की सुट्टीत मोटिव्हेशन शिबिराला पाठवू का?

ताई,

नका पाठवू. तुमच्या पत्रात मी मार्कांपाशी अडले नाही, शेवटाकडच्या दोन ओळींपाशी अडले. ‘आधी सेमिनरी हिल्सला गेलो की तासभर भुंगे, अळ्या न्याहाळत बसायची, घरी येऊन वहीत काढायची. म्हणून बायोलॉजीच्या चांगल्या आकृतीला आम्ही 20 रुपये ठेवले, तर आता वहीला हातच लावत नाही.’ तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत. मला तर त्यात कारणच दिसलं.

मोटिव्हेशन म्हणजे गाडीतलं पेट्रोल, संपलं की बाहेरून भरायचं, अशी आपली समजूत असते. मन तसं चालत नाही. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रांची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच रंगीत पेनं ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. कंटाळवाण्या कामाला बक्षीस चालतं, ताई. जे मूल आपणहून करतं त्याला भाव लावला, की ‘मला आवडतं’ जाऊन ‘मला पैसे मिळतात’ उरतं. तुमच्या लेकीच्या भुंग्याची किंमत 20 रुपये ठरली.

टेस्टची उत्तरतालिका ती तीन-तीन दिवस उघडत नाही, याला तुम्ही आळस म्हणता. मला ती भीती वाटते. तालिका उघडली की फोन जाणार, हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती उघडणंच टाळते.

तक्ता आजच काढा. तिच्यादेखत काढा आणि ‘आमचं चुकलं’ असं स्पष्ट म्हणा. तिच्या बाबांनीही म्हणायला हवं, कारण 550 चा आकडा त्यांचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. कुठला विषय आधी, किती वाजता, हे तिला ठरवू द्या.

नीट की सीईटीतून ॲग्री, फार्मसी, हे दोन महिन्यांनी बोलू.

त्याहून तातडीचं एक आहे. ती जेवायला तुमच्यासोबत बसत नाही, रात्री दोन-दोनपर्यंत जागी असते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोला. शिबिराचे पैसे भरले असतील तर परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण तिला पाठवू नका.

पुढचं पत्र तिला लिहावंसं वाटलं तर तिलाच लिहू द्या. तुम्ही वाचू नका.