दारू सोडायच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताय?

भाऊ, रोज सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील तर मनानंच एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, यात जीवही जातो. आधी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं प्रमाण सांगा: देशीचे क्वार्टर किती, मोहाची किती. रात्री-बेरात्री बिघडलं तर 108.

मीटिंग कुठे भरते ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना साथ देणारी संघटना, तिच्या संकेतस्थळावर मिळतं. व्यसनमुक्ती केंद्राची माहिती 14446 वर. निघण्याआधी फोन करून खात्री करा, लहान ग्रुपची जागा-वेळ बदलत राहते. ओपन आहे की क्लोज्ड, तेही विचारा. ओपनला वहिनींना नेता येतं, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. गावात चर्चेची धास्ती असेल तर तालुक्याचा ग्रुप धरा, पण शेवटची एसटी आधी बघून ठेवा. मीटिंग तास-दीड तास चालते. परतीचे वांधे झाले की माणूस पुन्हा फिरकत नाही. ग्रुपमध्ये तुमच्या वाटेचा मोटरसायकलवाला कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

फी नाही. बोलायची सक्ती नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. निघताना दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि प्यायच्या आधी फोन लावा, नंतर नाही. कापसाचा चुकारा हातात पडतो ती संध्याकाळ सर्वांत घातकी; पैसे घरी द्या आणि त्या दिवशी मीटिंग चुकवूच नका.