जर्नीमन कॅचर : प्रवासी की गडी?

विचारणा अशी आहे : अमेरिकी बेसबॉलच्या बातमीतल्या 'जर्नीमन कॅचर'ला 'प्रवासी यष्टिरक्षक' म्हणावं का?

दोन्ही शब्द चुकतात. बेसबॉलमध्ये यष्ट्याच नसतात. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटमागे उकिडवा बसून चेंडू घेणारा तो कॅचर. तो शब्द तसाच ठेवावा.

'जर्नीमन'चं मूळ फ्रेंच 'जूर्ने', म्हणजे एक दिवस किंवा दिवसभराचं काम. (एका दिवसाची मजल, म्हणून पुढे प्रवास, हाही अर्थ त्यातूनच निघाला. घोटाळा तिथेच होतो.) युरोपातल्या कारागिरांच्या संघांत आधी शिकाऊ उमेदवार, मग रोजावर राबणारा जर्नीमन आणि शेवटी स्वतःचं दुकान थाटणारा उस्ताद अशी चढण होती. जर्नीमनच्या हातात कसब पुरेपूर, फक्त दुकान त्याचं नाही.

बेसबॉलमध्ये या अर्थाला भटकंती चिकटली ती नियमांमुळे. प्रत्येक संघाला किमान दोन कॅचर लागतात, त्यातला दुसरा स्वस्त आणि भरवशाचा असला की भागतं. खेळाडूला खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये पाठवण्याची मुभा, म्हणजे 'ऑप्शन', साधारण तीन हंगामांपुरती असते. ती संपली की त्याला खाली पाठवण्याआधी 'वेव्हर्स'वर, म्हणजे इतर संघांपुढे, ठेवावं लागतं आणि मुख्य लीगच्या उरलेल्या २९ संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकतो. व्हेनेझुएलाचा हेन्री ब्लँको १९९७ ते २०१३ या काळात १६ हंगामांत ११ संघांकडून खेळला. फलंदाजी बेताचीच, पण बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा टप्पा गाठायला, निघालेल्या धावपटूला बाद करणारा त्याचा हात आणि पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) सांभाळून घेण्याची हातोटी यांना मागणी राहिली.

'फिरस्ता' मला पटत नाही, त्यात उनाडपणाची छटा येते. 'भाडोत्री' तर अपमानच. मराठीत 'गडी' हा शब्द कबड्डीतल्या खेळाडूलाही चालतो आणि शेतावरच्या कामकऱ्यालाही. त्यातही पाडव्याला करार करून वर्षभर राबणारा 'सालगडी' हा एकेका वर्षाच्या कराराने संघ बदलणाऱ्या कॅचरच्या फार जवळ जातो. पण त्याला चाकरीचा वास आहे, त्यामुळे बातमीत तो खटकेल. ललित लेखात खुशाल वापरावा. बातमीत 'अनेक संघांतून खेळलेला कसबी कॅचर' लिहावं आणि मथळ्यात जागा कमी पडली तर 'फिरता गडी'.