लालपरी, सात पस्तीस

दिवाळी आटोपली की माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. अमेरिकेतून, कॅनडातून, एखादा जर्मनीतून. बोलणारी व्यक्ती चाळिशीच्या आसपासची, आवाज दबका, फोन बहुधा पार्किंगमध्ये गाडीत बसून केलेला. "मॅडम, आईबाबा सहा महिन्यांसाठी इकडे आलेत. तसं सगळं छान आहे. पण बाबा नुसते बसून असतात हो." मग थोडं थांबून, "डिप्रेशन तर नसेल?"

हे "नुसते बसून असतात" मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा त्यावर सविस्तर लिहावं असं वाटलं. ज्यांची गोष्ट सांगतेय त्या अण्णांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. "लिहा की. पण पाखरांच्या वेळा बदलू नका," एवढी एकच अट अण्णांनी घातली. ती मी पाळली आहे.

मुलगा मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो. अण्णा सांगली जिल्ह्यातले, एसटीत चौतीस वर्षं काढलेले, शेवटची बरीच वर्षं तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलर. पहिल्या भेटीला मुलगा एकटाच स्क्रीनवर आला. त्याची यादी तयार होती. मॉलमध्ये नेलं, रमले नाहीत. देवळात नेलं, हात जोडले आणि "चला" म्हणाले. ज्येष्ठांच्या गटात एकदा जाऊन आले, परत नाव काढलं नाही. सकाळी उठतात, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढतात आणि मागच्या अंगणाकडे तोंड करून बसतात. हाक मारली तर "हूं".

"आणि आई?" मी विचारलं.

"आई मस्त. ती एकदम रमलीय. दिवसभर तिचं काही ना काही चालूच असतं."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. पुढे कामाला आलं.

मुलाची काळजी मी उडवून लावली नाही. हिवाळ्यात येणारं नैराश्य खरं असतं. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नीट वर्णन केलं, तेव्हापासून डॉक्टर ते ओळखतात. मिशिगनमध्ये डिसेंबरअखेर सूर्य आठला उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळतो. शिवाय मोठ्या सरोवरांवरून येणारे ढग दिवसच्या दिवस हटत नाहीत. सांगलीच्या उन्हात आयुष्य गेलेल्या माणसाला हे जड जाऊ शकतं. म्हणून आधी साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? जेवण कमी झालंय का? आंघोळ, दाढी वेळेवर होते का? "आता माझं काय राहिलंय" अशी भाषा येते का? आणि शेवटी, "खिडकीतून उठल्यावर कसे असतात?"

"म्हणजे?"

"गळून गेलेले? चिडलेले?"

तो विचारात पडला. "नाही. ठीक असतात. कधी कधी गुणगुणत असतात."

घरच्यांना माझं पहिलं सांगणं इथेच आहे. बसलेल्या माणसाकडे बघून फारसं काही कळत नाही, उठलेल्या माणसाकडे बघा. मन खचलेला माणूस जसा बसतो त्यापेक्षा जास्त थकून उठतो. जो गुणगुणत उठतो, त्याचं तिथे काहीतरी चाललेलं असतं.

अण्णांशी बोलणं त्यांच्या सकाळी साडेआठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला. पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हेही सांगायला हवं. "बरं आहे", "काही त्रास नाही", याच्या पुढे ते सरकेनात, तेव्हा मी घाईनं त्यांना एक दिनक्रम आखून दिला. चालणं, भारतात दोन फोन, नातीचा अभ्यास. त्यांनी मान डोलावली आणि सगळं अमलातही आणलं. जन्मभर वरून आलेले आदेश पाळलेला माणूस तो. फरक काही पडला नाही.

तिसऱ्या भेटीत मी काहीतरी समजावून सांगत होते. ते मधेच म्हणाले, "एक मिनिट हं, मॅडम." मान डावीकडे वळली, परत आली, खाली झुकली. खांदा जरासा हलला.

"काय लिहिलंत, अण्णा?"

"काही नाही. असंच."

मी गप्प राहिले. आमच्या व्यवसायात बोलणं दोन वर्षांत शिकता येतं, गप्प राहायला फार वर्षं लागतात. बराच वेळ गेला. मग अण्णा उठले, स्वयंपाकघराचं दार लोटून आले आणि एक वही कॅमेऱ्यासमोर धरली. नातीची जुनी शाळेची वही. पट्टीनं रकाने आखलेले: वेळ, कुठून, कुठे, संख्या, शेरा.

सात पस्तीस, लालपरी, कुंपणावरून फीडरवर, दोन, वेळेत. सात पन्नास, काळी टोपी, सहा, एकेक दाणा उचलून लगेच प्रस्थान. आठ पाच, जादा गाड्या, अकरा, फक्त जमिनीवर. आठ वीस, खारी, दोन, विनातिकीट.

मला पक्ष्यांतलं कावळा-चिमणीपलीकडे कळत नाही. अण्णांनी समजावून दिलं. फीडर म्हणजे पाखरांसाठी टांगलेलं दाण्याचं भांडं. लालपरी म्हणजे कार्डिनल. नर लालभडक, मादी मातकट. थंडी पडली म्हणून ते कुठे जात नाहीत, बर्फातही तिथेच. सकाळी नीट उजाडायच्या आत सगळ्यांच्या आधी दाण्यावर येतात आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर अंधुक उजेडात पुन्हा येतात. "पहिली गाडी पण हीच आणि मुक्कामाची पण हीच," अण्णा म्हणाले. काळी टोपी म्हणजे चिकडी, मुठीत मावेल एवढा जीव. एकेक दाणा नेऊन वेगवेगळ्या फटींत दडवतो आणि कुठे काय ठेवलंय ते लक्षात ठेवतो. कडाक्याच्या रात्री अंगाचं तापमान १० ते १२ अंशांनी खाली आणून शक्ती वाचवतो. जादा गाड्या म्हणजे जंको, कॅनडाच्या जंगलांतून थंडीपुरते खाली उतरणारे. "हंगामी वाहतूक," अण्णा म्हणाले. गेल्या दोन भेटींत मिळून ते जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्या दहा मिनिटांत बोलले.

"ही वही घरात कुणाला दाखवलीत?"

"छे. म्हणतील, म्हातारा पाखरं मोजतोय." मग आवाज खाली आणून, "खरं सांगू का, मॅडम? मला इथं लई बरं वाटतंय. चौतीस वर्षं थंडीतली सकाळ मी घरात बघितली नाही. पहाटे साडेचारला स्टँडवर. आता हातात गरम चहा, पायात लोकरी मोजे, समोर ही मंडळी. आणि तिकडं पोरगं कामावर जायला बर्फ उकरतंय. लाज वाटते. फुकट बसून खातोय मी."

तेव्हा मला उलगडा झाला. या माणसाला दुःख नव्हतंच. त्याला आनंद होत होता आणि तो त्यानं लपवला होता. लपवलेलं दुःख आणि लपवलेला आनंद, दोन्हींचा चेहरा बाहेरून सारखाच दिसतो: मान वळलेली, उत्तराला "हूं".

मी विचारलं, "स्टँडवर तुम्ही गाडी चालवत होता का?"

"नाही."

"तिकिटं फाडत होता?"

"ते कंडक्टरचं काम."

"मग करत काय होता?"

"नोंद. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली..."

"म्हणजे खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होता."

ते क्षणभर बघत राहिले आणि मग असे हसले की चष्मा काढावा लागला. आतून काकूंचा आवाज आला, "काय झालं हो?" हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नव्हता. तो मला त्या वेळी कसा सुचला याचं मला अजून अप्रूप आहे, कबूल करते.

पण अण्णा मुरलेले. डोळे पुसून म्हणाले, "त्याचा पगार मिळत होता, मॅडम."

"काकूंना कधी मिळाला?"

यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत आपण होऊन तिथूनच सुरुवात केली.

माझी घडण अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर झाली आहे. तो सगळा विचार मराठीत एका अक्षरात सांगता येतो असं मला वाटतं: 'च'. माणसानं उपयोगी पडलं पाहिजे, ही चांगली इच्छा आहे. पडलंच पाहिजे, म्हटलं की गळ्याला फास बसतो. या घरात असे दोन 'च' समोरासमोर उभे होते. अण्णांचा, "मी उपयोगी असलोच पाहिजे." मुलाचा, "एवढा खर्च करून आणलंय, अण्णांनी मजा केलीच पाहिजे." मजा म्हणजे नायगारा, मॉल, फोटो. खिडकीतली मजा त्याच्या हिशेबात धरलेली नव्हती, म्हणून ती त्याला आजार वाटली. आणि त्या 'च'चं ओझं होतं म्हणून अण्णांना ती चोरी वाटली.

एका शनिवारी बापलेक एकत्र बसले. अण्णांनी वही पुढे केली. मुलगा पानं उलटत होता, हसत होता, आणि एकदम थांबला. प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच होती. सात दहा, निळी गाडी, घर ते ऑफिस, एक. शेऱ्यात कधी "बर्फ. सावकाश.", कधी "डबा राहिला." आणि पानाच्या तळाशी, लालपरीच्याही खाली, त्याच गाडीचं आगमन. "लेट २० मि." मला वही दाखवताना अण्णांनी त्या ओळीवर अंगठा धरला होता, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे काही बोलले नाही. त्यांना पंधरा मिनिटं दिली आणि माझा आवाज बंद केला.

आता ज्यांना असेच फोन करावेसे वाटतात त्यांच्यासाठी थोडं. आईवडिलांना "काय करता दिवसभर?" असं विचारू नका, त्यात हिशेब मागितल्यासारखं वाटतं. "आज काय दिसलं?" असं विचारा. रोज एक खुर्ची ओढून पाच मिनिटं शेजारी बसा, फोन खिशात ठेवून. ते बसलेत तिथे ऊन येतं का, पायाला गार लागतं का, एवढं बघा. अण्णा उणे दहात चपला घालून दाणे टाकायला जात होते. मुलानं बूट आणले आणि पायरीवर टाकायला मीठ. काळ्या सूर्यफुलाच्या बिया बहुतेक पक्ष्यांना चालतात. चिवडा, फरसाण, खारे शेंगदाणे घालू नका. दुकानात चरबीचे गोळे मिळतात, ती बहुधा गायीची चरबी असते. काकूंनी ते घरात येऊ दिले नाहीत. बिनमिठाच्या शेंगदाण्यांवर सुतार पक्षी खूश होता. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत टांगा, नाहीतर तीस फुटांपलीकडे. मधल्या अंतरावरून उडालेले पक्षी जोरात काचेवर आपटतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फीडर धुवा, रोग पसरत नाही. आणि मोजायची हौस असेल तर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट आहे, १९९८ पासूनची. पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसलेले पक्षी नोंदवायचे. २०१३ पासून भारतातूनही लोक भाग घेतात, त्यामुळे नाशिकच्या गॅलरीतल्या बुलबुलालाही तिथे जागा आहे. अण्णांनी चारही दिवस हजेरी लावली.

पण पक्षी म्हणजे औषध नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टीत चव उरली नसेल, समोर मोर नाचला तरी नजर हलत नसेल, तर खुर्ची खिडकीकडे वळवून भागणार नाही. डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासा, आणि मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी न्या.

राहता राहिल्या काकू. दिवसभर ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची काळजी वाटून मला आजवर एकही फोन आलेला नाही. तिला "रमली" म्हणतात. मी एकदा काकूंना स्क्रीनवर बोलावलं, तर म्हणाल्या, "मला कुठं वेळ आहे खिडकीत बसायला!" त्या हसत होत्या. अण्णा हसत नव्हते. जानेवारीतल्या एका पानाचा फोटो त्यांनी मला पाठवला, त्यात लालपरी आणि काळी टोपी यांच्या मधे एक नवी ओळ होती: सात चाळीस, मंडळी, ओट्याकडून खिडकीकडे, एक, चहा मी केला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जंको दिसेनासे झाले. "हंगामी फेऱ्या बंद," अशी नोंद आहे. त्यानंतर दहा दिवसांनी अण्णा-काकूंचं विमान होतं. निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी वहीत रीतसर पान आखलं. डावीकडे "पदभार दिला", खाली त्यांची सही. उजवीकडे "पदभार घेतला", खाली नातीची सही, तिच्या वेड्यावाकड्या देवनागरीत, पहिल्यांदाच. त्याखाली सामानाची यादी: फीडर २, बियांची पिशवी अर्धी, खुर्च्या २, दुर्बीण १, डावी काच ओरखडलेली.